कल्पित बंदर ‘शंखोली’: स्थापना, भरभराट आणि काळा इतिहास (मदत हवी)

ओहोटी

मंडळी, टेबलाभोवती बसून पाच-सहा जणांनी खेळायच्या अद्भुतरम्य खेळासाठी एक गाव रचायचं काम चालू आहे. गाव कल्पित, माती मात्र कोकणातली. काळ साधारण सतराव्या शतकासारखा. आत्तापर्यंतचा आराखडा असा:

शंखोली. खाडीच्या मुखापासून दीड कोस आत. वस्ती आठ हजार. एका सिद्धपुरुषाने कातळावर त्रिशूळ मारला, गोड्या पाण्याचा झरा फुटला आणि त्याभोवती गाव वसलं. खाडीकाठच्या मिठागरात निळं मीठ पिकतं. त्या मिठात घातलेला मासा वर्षानुवर्षं नासत नाही, म्हणून दूरदूरची गलबतं इथे धक्क्याला लागतात. काळा इतिहास: तटाचा एक बुरूज सारखा ढासळायचा, म्हणून त्याच्या पायात सात मुली पुरल्या. त्यांच्या शापामुळे दर अवसेला गावातला एक माणूस नाहीसा होतो.

हे पटतं का, आकडे बसतात का, आणि खेळणाऱ्यांपर्यंत हा इतिहास पोचवायचा कसा? जादू एकच ठेवायची आहे, बाकीचं गाव खरं वाटलं पाहिजे.

चिरेबंदी

सिद्धपुरुषाला आधी निवृत्त करा. झरा फुटला म्हणून आठ हजार लोक येत नाहीत. लोक येतात ते कौलावर, म्हणजे सवलतीच्या लेखी हमीवर.

आपल्याकडे पेठ वसवायची रीत ठरलेली होती. राजा किंवा सरदार एका शेट्याला आणि महाजनाला (पेठेच्या प्रमुख व्यापाऱ्यांना) कौल देणार: अमुक जागी पेठ वसवा, बाहेरगावचे उदमी आणा, इतकी वर्षं जकात माफ, पुढे दरसाल थोडी थोडी वाढवत पूर्ण आकारणीवर यायचं. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. पेठ नांदती झाली की शेटेपण आणि महाजनकी त्यांना वतन म्हणून मिळायची. म्हणजे तुमचे संस्थापक दोन व्यापारी घराणी, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्यात मानपानाचं भांडण: विडा आधी कोणाला, होळीची पहिली पोळी कोणाची. खेळासाठी हे भांडण त्रिशुळापेक्षा कितीतरी कामाचं आहे.

कौलाची मुदत नीट ठरवा. सात वर्षांची माफी असेल तर आठव्या वर्षी काही उदमी दुकानं मोडून शेजारच्या नव्या पेठेत जाणारच, हे ठरलेलं. ते जाऊ नयेत म्हणून संस्थापकांनी आठव्या वर्षी काय केलं, तिथून तुमचा काळा इतिहास सुरू होऊ शकतो.

गावाच्या सीमेवर एक गधेगाळ उभा करा. शिलाहारांच्या काळापासूनचे असे दगड कोकणात जागोजागी आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचं ते अश्लील शिल्प. अर्थ सरळ: हे दान जो मोडेल त्याच्या आईची ही गत. कमरेएवढा दगड, अर्धा जमिनीत गेलेला, लेखाच्या खालच्या दोन ओळी खणल्याशिवाय वाचता येत नाहीत. खेळणाऱ्यांना पहिल्याच दिवशी कुदळ हातात घ्यायला लावणारी वस्तू.

दर्यावर्दी

जागा चुकीची नाही, पण खाडी कशी वागते ते ठरवा. दीड कोस आत म्हणजे वादळापासून आणि चाच्यांपासून आडोसा मिळाला. मात्र भरती-ओहोटीवर सगळं अवलंबून. मोठी गलबतं उधाणाच्या भरतीलाच धक्क्याला येणार. एरवी मुखापाशी नांगर टाकून होड्यांनी माल उतरवायचा. त्यामुळे अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास बाजार तुडुंब आणि अष्टमीला ओस. माणसं नाहीशी होण्याला अवस हवीच असेल तर हे कारण आयतं आहे: अवसेला गावात परकी गलबतं असतात.

जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. तेव्हा बंदराचं उत्पन्न शून्य आणि अडकलेले खलाशी फुकट खाणारे. या अडीच-तीन महिन्यांचा विचार न करता रचलेलं कोकणातलं बंदर लगेच कागदी वाटतं.

आता महत्त्वाचं. आठ हजारांना भात लागणार, म्हणून गावाने खाडीकाठची दलदल बांध घालून खार जमिनीत बदलली असणार. बांध चिकणमातीचा, खाडीच्या अंगाला जांभ्याची पिचिंग, पुढे लाटा मोडायला तिवरं राखलेली. बांधात उघाडी बसवायची. लाकडी झडप अशी टांगलेली असते की भरतीचं पाणी तिला दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं गोडं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. गोव्याच्या खाजणात हिला मानस म्हणतात. दोन-तीन पावसाळे जमीन धुऊन निघाली की खारं पाणी सोसणारं भात पेरायचं, गोव्याकडचं कोरगुट तसलंच.

बांध फुटतो तो बहुतेक वेळा खेकड्यांच्या बिळांमुळे. बोटाएवढं भोक, त्यातून पाझर, पाझरातून माती वाहते, आणि एका उधाणात पाच हात बांध गायब. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढचे दोन हंगाम गेले. म्हणून रोज ओहोटीला बांधावर फिरणारा राखण्या हवा, आणि त्याचं मानधन थकवणारा गावकारभारीही हवा.

याचा दुसरा परिणाम फार कमी लोक लिहितात. बांध घालत गेलं की खाडीत आत शिरणारं भरतीचं पाणी कमी होतं. त्यामुळे ओहोटीला बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जोरही तेवढाच कमी होतो, आणि गाळ उपसून नेणारा तोच जोर असतो. वर डोंगरातली झाडं तोडली की गाळ वाढतो, खाली तो वाहून नेणारी ओढ मंदावते. पन्नास-शंभर वर्षांत धक्क्याशी दोन वाव पाणी असायचं तिथे गुडघाभर चिखल. म्हणजे ज्या बांधाने गाव पोसलं त्यानेच बंदर बुजवलं. सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख सापडला, इतकं ते जुनं आणि नावाजलेलं बंदर. आज तिथे उभं राहिलं तर समुद्र शोधावा लागतो.

बोरूबहाद्दर

वाचतोय. उघाडीपाशी गिऱ्हा (पाण्यातलं भूत) हवाच हवा!

अंबरखाना

आकडे बघू.

धान्य: लहान-थोर मिळून माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरा. आठ हजारांना ४ टन. पाठीवर साधारण १०० किलो लादलेला बैल धरला तर रोज ४० बैल पेठेत रिकामे व्हायला हवेत. म्हणजे लमाणांच्या तांड्याला उतरायला माळ, पाणी आणि चारा. गावाबाहेर ही जागा नकाशावर आधी काढा, देवळं नंतर.

पावसाळ्यात घाट बंद. १२० दिवसांचे ४८० टन तांदूळ जूनच्या आधी कोठारात असायला हवेत. साठवण भाताची करतात. भात कांडलं की दोन तृतीयांश तांदूळ मिळतो, म्हणून ७२० टन भात. त्याला जागा लागते साधारण १,२५० घनमीटर. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ६ मीटर उंचीपर्यंत भरता येईल अशी तीन कोठारं बांधली की काम भागलं. पन्हाळ्यावर गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेतच. भरायची भोकं छतात, काढायचं दार खाली. जमिनीला ओल लागली की खालचा हातभर थर काळा पडतो आणि वास वरपर्यंत चढतो, त्यामुळे जोतं उंच घ्या.

पाणी: तुमचा झरा कितीही पवित्र असला तरी आठ हजारांना पुरणार नाही. पिण्या-रांधण्यापुरते माणशी १० लिटर म्हणजे रोज ८० घनमीटर. पाऊस नसलेले आठ महिने धरले तर १९,२०० घनमीटर. ८० मीटर लांब-रुंद तळं असेल तर उन्हाने दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडतं, त्या हिशेबाने आठ महिन्यांत १.२ मीटर, म्हणजे आणखी ७,६८० घनमीटर. तळं साडेचार मीटर खोल असेल तर जेमतेम जमतं. एक पाऊस कमी झाला की वैशाखात तळाचा गाळ दिसणार.

दुसरा मार्ग मलिक अंबरचा. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणलं. अशा नळात ठरावीक अंतरावर उसासे लागतात, नाहीतर कोंडलेली हवा पाणी अडवते. सफाईसाठी आत माणूस उतरवायची वाटही तीच. खेळात गुप्त वाट हवी असेल तर भुयाराऐवजी ही वापरा. आणि संस्थापक म्हणून कोणी रंगतदार हवा असेल तर अंबरकडेच बघा: हबसाणात (आजच्या इथिओपियात) जन्मलेला, बाजारांतून विकला गेलेला गुलाम, शेवटी निजामशाहीचा सर्वेसर्वा.

चिरेबंदी

बुरुजाबद्दल राहिलं. बुरूज ढासळायला शाप लागत नाही, कोंडलेलं पाणी पुरतं. बाहेरून घडीव चिरे आणि आत नुसती माती-गोटे भरले की पावसाळ्यात आतली भरण फुगते आणि दर्शनी चिरे पोट सुटल्यासारखे पुढे येतात. पाणी निघायला भोकं ठेवली नसतील तर तिसऱ्या-चौथ्या पावसात तोंड कोसळतं. मुळाशी दलदल असेल तर खचणं वेगळंच.

चुना शिंपल्यांचा. भट्टीत भाजायचा, हौदात विझवून निदान काही आठवडे भिजत ठेवायचा, मग एका भागाला दोन-अडीच भाग वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. दगडी चाक, एक बैल, गोल चर. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी ही भर वरून. पुरता न विझलेला चुना घाईने वापरला तर भिंतीत विझत बसतो, फुलतो आणि सांधे उखडतात. वाळू खाडीची आणि न धुतलेली असेल तर मिठाने पापुद्रे सुटतात. तुमच्या कंत्राटदाराने नेमक्या या दोन्ही चोऱ्या केल्या आणि खापर फोडायला नरबळी सुचवला, असं ठेवलं तर सात मुलींची गोष्ट खोटी ठरूनही जास्त भयंकर होते. बुरुजाखालच्या बळीची दंतकथा प्रत्येक दुसऱ्या किल्ल्याला चिकटवलेली असते. वाचकाला ती पहिल्या पानावर कळते.

मोडीवाचक

चिरेबंदी बुरुजावर थांबले, पण दुखणं सगळ्या आराखड्यात आहे. ओहोटी, तुमच्याकडे स्थापना एका कारणाने, भरभराट दुसऱ्या आणि पाप तिसऱ्याच कारणाने. सात मुली काढून टाकल्या तरी मिठाच्या व्यापाराला काही होत नाही. मग शंखोलीतल्या कोणाला ते पाप लपवायची गरज काय? गाव ज्या मालावर श्रीमंत झालं त्याच मालाच्या हिशेबात काळा इतिहास असला पाहिजे. उघडकीला आला तर उद्याचा बाजार बसणार, म्हणून अख्खं गाव गप्प, अशी स्थिती हवी.

पेशवाईतले कागद बघा. कुणबिणींची (दासींची) खरेदी-विक्री राजरोस होत होती आणि सरकारदरबारी तिची नोंदही होई. वय, वर्णन, किंमत, सगळं व्यवस्थित. कारकुनाच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. कागद थंडपणे लिहिलेला असतो म्हणून तो वाचताना अंगावर काटा येतो. शापाला आरडाओरडा लागतो, हिशेबाला लागत नाही.

मांडवीकर

जुन्या गोव्याचा दाखला इथे चपखल आहे. १५१० मध्ये आल्बुकर्कने शहर घेतलं, १५३० पासून ते पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी. रुआ दिरैताच्या भर पेठेत घोडे, रत्नं, रेशीम आणि माणसं यांचे लिलाव एकाच रस्त्यावर. शहरातलं पाणी वाईट म्हणून बैंगिणीच्या झऱ्याचं पाणी विकत घ्यायचं आणि ते डोक्यावरून आणून विकायला गुलाम. त्यांची कमाई मालकाच्या खिशात.

पाणी वाईट का, तेही लक्षात घ्या. जांभा सच्छिद्र. घराघरातले शौचखड्डे आणि विहिरी त्याच दगडात, त्यामुळे एकातलं दुसऱ्यात झिरपायला वेळ लागत नाही. वस्ती विरळ असेपर्यंत कोणाला काही जाणवत नाही. ती दाटली की साथी सुरू होतात आणि थांबत नाहीत. शंखोलीही जांभ्यावरच असणार, तेव्हा भरभराटीच्या ऐन शिखरावर पहिली साथ टाका. लोक ती शापावर ढकलतील, तुमच्या वैद्याने विहिरी आणि खड्ड्यांमधली अंतरं मोजावीत.

शहर एका दिवसात मरत नाही, हेही तिथे दिसतं. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीकडे राहायला गेला, पण पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ मध्ये. मधली ऐंशीहून जास्त वर्षं कागदावर राजधानी आणि प्रत्यक्षात ओसाड गल्ल्या. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्ये थोडी वर्षं बंद. शहर रिकामं होत होतं तरी ते कार्यालय चालूच होतं. तुमच्या गावातही शेवटपर्यंत टिकलेलं एक कार्यालय ठेवा. बंदर बुजलंय, गलबत येत नाही, पण जकातीच्या चौकीत कारकून रोज हजर.

ओहोटी

भारी. मग जादूचा नियम असा बदलतो: निळं मीठ आपोआप धरत नाही. पिकाच्या कुंडात एका जिवंत माणसाचं नाव सोडावं लागतं. नाव गेलं की तो माणूस कोणालाच आठवत नाही, आईलासुद्धा. तो असतो, मिठागरात राबत असतो, पण पाहणाऱ्याच्या डोक्यातून लगेच निसटतो. दर अवसेला माणूस ‘नाहीसा’ होतो तो असा. कौलाची माफी संपल्यावर, आठव्या वर्षी, शेटे आणि महाजन यांनी मिळून ही सुरुवात केली. नावं सोडायला माणसं आधी गलबतांवरून विकत घेतली, पुढे पैसा कमी पडू लागला तेव्हा गावातलीच.

प्रश्न: मीठ पिकवायची खरी रीत यात कशी बसवू? आणि सगळे विसरलेच असतील तर खेळणाऱ्यांना पत्ता लागणार कसा?

दर्यावर्दी

हंगाम डिसेंबर ते मे. भरतीचं पाणी मोठ्या कुंडांत घ्यायचं, तिथून उथळ कुंडांत फिरवत घट्ट करायचं, शेवटी पिकाच्या कुंडात. एकूण क्षेत्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात प्रत्यक्ष मीठ धरतं, बाकी सगळं नुसतं पाणी आटवायला. पाणी मूळच्या दहाव्या भागावर आलं की मीठ पडू लागतं. समुद्राचं पाणी साधारण ३ अंश बोमे (पाण्याच्या घट्टपणाचं माप), मीठ धरतं २५ च्या आसपास. तुमच्या काळात मापक नाही, अनुभवी आगरी पाण्याच्या रंगावरून आणि बोटाला येणाऱ्या चिकटपणावरून ओळखणार.

२९-३० अंशांच्या पुढे उरलेलं पाणी सोडून द्यायचं असतं. लोभाने तेही आटवलं तर मीठ कडू होतं आणि गोणीत पाझरत राहतं. कुंडाचा तळ मळून, पायांनी तुडवून घट्ट केलेला हवा, नाहीतर मिठाबरोबर चिखल ओढला जातो. एप्रिलमध्ये अवकाळीची एक सर आली की महिन्याचं पीक विरघळतं.

जादू इथेच बसते. नाव सोडायचं ते पाणी पिकाच्या कुंडात आल्यावर आणि पहिली साय धरायच्या आत, म्हणजे एका दुपारचा अवधी. अवकाळीने पीक विरघळलं तर नावही वाया, दुसरं सोडावं लागणार. पावसाळी ढग दिसले की गावातले गरीब लोक मुलांना घरात का कोंडतात, याचं कारण त्यांनाही आठवत नसावं.

अंबरखाना

पत्ता धान्यातून लागेल. माणूस विसरला जातो, त्याचं पोट विसरत नाही.

मापं एकदाच ठरवून टाका, कारण प्रत्यक्षात ती गावोगाव वेगळी होती. ४ शेर म्हणजे १ पायली, १२ पायल्यांचा १ मण, २० मणांची १ खंडी. खंडीचे शेर झाले ९६०. मिठागराच्या हजेरीपटावर २४० नावं. शिधा माणशी रोज १ शेर. ३० दिवसांचे ७,२०० शेर, म्हणजे साडेसात खंडी. कोठाराच्या वहीत मात्र त्याच महिन्याला ९ खंडी खर्ची पडलेत. ९ खंडी म्हणजे ८,६४० शेर, २८८ माणसांचा शिधा. वरची ४८ माणसं कोण?

गणित खेळणाऱ्यांना आयतं देऊ नका. दोन वह्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

मोडीवाचक

या दोन वह्या हातात देता येतील अशा बनवा. पाठ कोरी असलेला जाडसर हातकागद, लांब उभ्या पट्ट्या. मजकूर देवनागरीत लिहिला तरी चालेल, पण शिरोरेघ आधी पानभर आखून घ्या आणि अक्षरं तिला लटकवा, म्हणजे मोडीचा भास होतो. काजळ आणि डिंकाची शाई, बोरूने. चहाच्या पाण्यात कागद बुडवायचा असेल तर लिहिण्याआधी, नंतर बुडवला तर शाई पसरते. कडा जाळू नका. जुने कागद जळलेले क्वचितच असतात. वाळवीने आतून खाल्लेले किंवा घडीवर फाटलेले असतात.

तारीख शुहूर सनाची घाला. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६००, कारण वर्ष मृगाला बदलतं. आकडे अरबी शब्दांत: ‘इहिदे सलासीन व अलफ’ म्हणजे १०३१, इसवी १६३०-३१, दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची सुरुवात. शंखोलीच्या पेठेत पैसा आटला आणि गावातली माणसं कुंडात जाऊ लागली ते याच साली ठेवा. मीठ पिकतं डिसेंबर ते मे, तेव्हा वहीचा महिना फाल्गुन घ्या आणि सन काढताना ६०० मिळवा, नाहीतर वर्षाची गफलत होईल.

एक काळजी घ्या. हजेरीपटावर गेलेल्या माणसांच्या जागी रिकाम्या ओळी किंवा खोडलेली नावं दाखवायचा मोह होईल. तसं केलं तर कोडं तिथेच सुटलं. नावंच उरली नाहीत, तर कारकुनाला ओळ सोडायचं कारण काय? पट सलग, स्वच्छ, २४० वर संपलेला. फक्त कोठाराच्या वहीत फाल्गुनाच्या बेरजेखाली त्याच हाताची बारीक नोंद असू द्या: ‘दीड खंडी जाजती. रुजू घातली. कारण लागत नाही.’